'रा.वन' नावाचा एक खेळ होता

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात नाटकांवर लिहिले जाते, चित्रपटांवर लिहिले जाते, क्वचित क्रिकेटवरही. व्हिडिओ गेमवर लिहिलेले मात्र माझ्या पाहण्यात नाही. ग्रंथालयात जुने अंक चाळले तेव्हा 'आजच्या तरुणांची अभिरुची' अशा मथळ्याच्या एकदोन लेखांत त्याचा उल्लेख सापडला, तोही मोबाईलच्या जोडीने आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केलेला. असो. मी ज्या खेळाविषयी लिहिणार आहे त्याला तर व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांनीही जवळ केले नाही. म्हणजे उपेक्षा दुहेरी. खेळाचे नाव 'रा.वन : द गेम', साल २०११.

'रा.वन' चित्रपट बहुतेकांना आठवत असेल. २०११ च्या दिवाळीत, २६ ऑक्टोबरला तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शक अनुभव सिन्हा, निर्मिती शाहरुख खानच्या 'रेड चिलीज'ची. उत्कृष्ट स्पेशल इफेक्ट्सचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, आणि 'छम्मक छल्लो' लग्नाच्या हळदीत वाजायला लागले ते वेगळेच. कथा अशी : लंडनमध्ये शेखर नावाचा एक बुजरा बाप व्हिडिओ गेम तयार करण्याची नोकरी करतो. त्याच्या मुलाला, प्रतीकला, नायक आवडत नाहीत, खलनायक आवडतात. मुलाच्या डोळ्यांत आपली किंमत वाढावी म्हणून बाप असा खेळ बनवतो की ज्यातला खलनायक नायकाहून बलवान आहे. तो खलनायक म्हणजे रा.वन. प्रतीक त्याच्याशी खेळतो आणि डाव अर्धा टाकून उठतो. अर्ध्यावर सोडलेला डाव रा.वनला सहन होत नाही. तो पडद्यातून बाहेर येतो, आपल्याला हरवू पाहणाऱ्या त्या खेळाडूला शोधत निघतो, आणि मुलाला वाचवताना बाप मारला जातो. मग त्याच खेळातला नायक जी.वन बाहेर आणला जातो. त्याचा चेहरा बापाचाच.

नावांतला श्लेष सांगायला नकोच : रावण आणि जीवन. समीक्षकांनी या श्लेषाची थट्टा केली. मला तो थट्टेचा विषय वाटत नाही. आमच्या करावे गावात हरिनाम सप्ताह बसतो, त्यात कीर्तनकार रामायणातला प्रसंग सांगताना मधेच रेशनच्या रांगेची, निवडणुकीची, सासू-सुनेची गोष्ट घालतात, आणि रावण गावातलाच कोणी असल्यासारखा वाटू लागतो. चित्रपटाच्या शेवटी रा.वन आपल्या स्वतःच्या दहा प्रती करतो. दहाही सारख्या. सावली मात्र त्यांतल्या एकाचीच पडते, तोच खरा. दहा तोंडांच्या रावणाचे इतके नेमके रूपांतर मी दुसऱ्या हिंदी चित्रपटात पाहिलेले नाही.

आता मुद्द्याकडे येते. चित्रपटावरून निघालेला व्हिडिओ गेम ही सहसा शेपटासारखी वस्तू असते. चित्रपट आला की टी-शर्ट निघतात, कंपासपेट्या निघतात, तसाच एक खेळ निघतो. 'रा.वन'चे तसे नाही. तो चित्रपट मुळातच एका व्हिडिओ गेमविषयी आहे. त्याची सगळी यंत्रणा खेळातून घेतलेली आहे. कथेतल्या त्या खेळाला तीन पातळ्या आहेत. शेवटच्या पातळीवरच शत्रू मरू शकतो. तिथे पोहोचल्यावर मिळणाऱ्या बंदुकीत गोळी एकच. आणि ज्याच्या छातीत शक्तीचे यंत्र बसवलेले आहे त्यालाच ती लागू पडते. ज्याने कधी व्हिडिओ गेम खेळलेला नाही त्याला हे नियम कृत्रिम वाटतात. ज्याने खेळलेला आहे त्याला ते आपल्या घरचे वाटतात. तेव्हा या चित्रपटाचा खेळ निघणे म्हणजे माहेरी जाण्यासारखे होते. हे त्या वेळी कोणी लक्षात घेतले नाही. रेड चिलीज आणि सोनी यांच्या मेळातून प्लेस्टेशन २ आणि प्लेस्टेशन ३ या दोन यंत्रांसाठी खेळ बाजारात आला, परदेशी खेळांच्या मापाने मोजला गेला, त्या मापात कमी भरला आणि बाजूला पडला.

तो कमी भरला हे मी नाकारत नाही. वकिली करायची तर ती प्रामाणिक असावी. आतेभावाच्या प्लेस्टेशन २ वर मी तो तिसरी-चौथीत असताना पुष्कळ खेळले आहे. जी.वन होऊन हातघाईची मारामारी करायची, हा त्याचा गाभा. हालचाली जड, एक ठोसा मारून दुसरा मारेपर्यंत जी.वन जणू परवानगी मागतो. चेहरे शाहरुखच्या जवळ जातात आणि तिथेच थांबतात. थोड्या वेळाने तेच ते वाटू लागते. ज्या चित्रपटाला इफेक्ट्सचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याच्या शेजारी हे दृश्य दरिद्री दिसणारच.

परंतु दरिद्री का, हा प्रश्न विचारायला हवा. प्लेस्टेशन २ हे यंत्र जपानमध्ये मार्च २००० मध्ये आले. २००६ मध्ये त्याची पुढची आवृत्ती निघाली आणि श्रीमंत देशांतली मुले तिच्याकडे वळली. 'रा.वन' आला तेव्हा ते यंत्र ११ वर्षांचे म्हातारे होते. तरी आपल्याकडे तेच खपत होते, कारण परवडत होते. जगभर १५ कोटींहून अधिक खपलेल्या त्या यंत्राचे उत्पादन सोनीने २०१३ च्या सुरुवातीला थांबवले. त्याच वर्षी आपल्याकडे 'डॉन २' चित्रपटाचा खेळ प्लेस्टेशन २ साठी निघाला! हसू येते खरे. पण ज्याने तो काढला त्याला आपले गिऱ्हाईक कोण हे बरोबर ठाऊक होते.

ते गिऱ्हाईक कुठे होते? आमच्यासारख्या गावांत होते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी गावोगावच्या भातजमिनी, मिठागरे गेली. उरले गावठाण. लोकांनी त्यावर खोल्या बांधल्या, खाली गाळे काढले, भाड्याने दिले. गाळ्यात कधी केशकर्तनालय, कधी झेरॉक्स, कधी मोबाईल दुरुस्ती, आणि एखाद्या गाळ्यात दोन टीव्ही, दोन प्लेस्टेशन आणि एक बाकडे. तासाच्या हिशोबाने पैसे. मुली तिथे जात नसत. मी आत्याच्या घरी खेळायचे, कारण आतेभावाने त्या गाळ्यातलेच एक यंत्र गाळा बंद पडल्यावर जुने म्हणून विकत आणले होते. त्याचे झाकण नीट बसत नसे, त्यावर घडीचा रुमाल ठेवावा लागे. या यंत्रावर जे धावेल तेच आमच्यापर्यंत पोहोचणार होते. हा खेळ ११ वर्षांच्या जुन्या यंत्रासाठीही काढला, म्हणून आम्ही तो खेळलो. फक्त नव्या यंत्रासाठी निघाला असता तर तो कदाचित अधिक देखणा झाला असता, आणि मी त्यावर आज काहीच लिहू शकले नसते.

दुसरे कारण वेळेचे. चित्रपटाचा खेळ चित्रपटाच्या मुहूर्तावर दुकानात लागावा लागतो. दिवाळी पुढे ढकलता येत नाही. या घाईने याहून मोठमोठ्यांची फजिती केली आहे. स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'ई.टी.' चित्रपटावरचा खेळ अटारी कंपनीने १९८२ च्या नाताळासाठी काढला. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या एका माणसाने तो सुमारे पाच आठवड्यांत लिहिला. पुढे विकल्या न गेलेल्या मालाबरोबर त्याच्याही प्रती अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाजवळ कचऱ्याच्या खड्ड्यात पुरल्या गेल्या. उलट, जेम्स बाँडच्या 'गोल्डनआय' चित्रपटावरचा खेळ चित्रपटानंतर जवळजवळ दोन वर्षांनी, १९९७ मध्ये आला, आणि आजही त्याचे नाव आदराने घेतले जाते. प्रतिभेचा फरक असेलच. पण एकाला पाच आठवडे मिळाले आणि दुसऱ्याला वर्षे मिळाली, हा फरक त्याआधीचा आहे. आपल्या एकांकिका स्पर्धेच्या आठ दिवस आधी संहिता हातात पडलेल्या मंडळींना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. 'रा.वन' एकटा नव्हता. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना कंपनीने 'हनुमान : बॉय वॉरियर' बनवला; प्लेस्टेशनसाठी संपूर्ण भारतात घडलेला तो पहिला खेळ मानतात. त्याच वर्षी 'देसी अड्डा' आला, त्यात विटीदांडू, कबड्डी, पतंग होते. पुढच्या वर्षी मुंबईच्या ट्राइन कंपनीचा गल्ली क्रिकेटवरचा खेळ आला. चार-पाच वर्षांचा हा एक छोटासा काळ होता. आपली माणसे, आपल्या गल्ल्या, आपले देव आणि आपले नट त्या यंत्रात शिरू पाहत होते. मग मोबाईल आला आणि ती वाट तिथेच संपली. बोलपटाच्या आरंभीचे चित्रपट आज पाहिले तर नटनट्या माइकच्या दिशेने मान वळवून बोलल्यासारख्या वाटतात. त्यांच्याकडे आपण सवलतीने पाहतो, कारण पुढे काय झाले हे आपल्याला माहीत आहे. 'रा.वन'च्या जड ठोशांना ही सवलत नाही, कारण पुढे फारसे काही झाले नाही.

माझे मित्र म्हणतात की 'स्पायडर-मॅन २'शी तुलना करून बघ. २००४ मध्ये ट्रेयार्कने केलेला तो खेळ खरोखर अद्भुत आहे; त्यात न्यूयॉर्क शहरभर जाळ्याच्या दोरीने झोके घेत मनसोक्त फिरता येते. आमच्या पिढीतल्या कित्येक मुलांना मॅनहॅटनमध्ये कुठे पार्क आहे आणि कुठे उंच इमारती आहेत हे तोंडपाठ आहे. त्यांतल्या काहींनी काळा घोडा अजून पाहिलेला नाही. यात त्या मुलांचा दोष नाही. जे शहर कल्पनेत उडायला मिळते तेच शहर आपले वाटू लागते. पामबीच रस्त्यावरून, खाडीवरून, रोहित पक्ष्यांच्या थव्यावरून कोणी झोका घेतल्याचा खेळ कोणी बनवलेला नाही.

म्हणून मला 'रा.वन'मधला आगगाडीचा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. सोनिया बेफाम सुटलेल्या गाडीत आहे, जी.वन डब्यांच्या टपावरून धावतो आहे, आणि शेवटी छत्रपती शिवाजी टर्मिनसची पडझड होते. (२०१७ मध्ये त्या नावात 'महाराज' आले.) न्यूयॉर्कची नक्कल, असे म्हणणारे म्हणोत. सीवूड्सहून हार्बरची गाडी धरून जे लोक रोज त्याच टर्मिनसला उतरतात, त्यांनी आपले स्थानक पहिल्यांदा एखाद्या अतिमानवाने वाचवण्याच्या लायकीचे पाहिले. माझे वडील अशा प्रवाशांपैकी एक आहेत. चित्रपट टीव्हीवर लागला की ते एरवी झोपी जातात. गाडीच्या प्रसंगाला मात्र उठून बसतात आणि कुठला फलाट ते सांगू लागतात.

चित्रपट पाहताना जी.वन वाचवतो आणि आपण पाहतो. खेळात वाचवायचे आपण असते. हा फरक मोठा आहे, आणि व्हिडिओ गेमला कला म्हणायचे की नाही या वादात तो फार कमी वेळा सांगितला जातो. आत्याच्या घरी आम्ही खेळत असताना आजी मागे बसून गवार मोडायची. तिने पहिल्याच दिवशी हरकत घेतली : "रावणाला दहा तोंडं असतात. ह्याला एकच कसं?" मी हरले की विचारायची, "मेला का गं तो?" तो मेलेला नसे, मीच मेलेली असे. "मग परत कर," ती म्हणायची. चित्रपटातला प्रतीक डाव अर्धा टाकून उठतो आणि सगळे रामायण तिथून सुरू होते. आजीने तो चित्रपट तेव्हा पाहिलेला नव्हता. पण अर्धा डाव टाकू नये हे तिला न सांगताच कळत होते. पुढे टीव्हीवर शेवट पाहिला, दहा रा.वन उभे राहिले, तेव्हा तिने समाधानाने मान हलवली. मी मुलगी असून पुरुषाच्या रूपात लढते यात तिला काही वावगे वाटले नाही. मलाही वाटले नाही.

हे सांगण्याचे कारण आहे. पहिल्या वर्षाला आम्हांला वर्गात विचारले गेले, "लहानपणी काय वाचलेत?" प्रश्न प्रेमाने विचारला होता. शेजारच्या मुलींनी 'फास्टर फेणे' सांगितले, 'बोक्या सातबंडे' सांगितले. आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिली. आमच्याकडे पुस्तकांचे कपाट नव्हते. पाठ्यपुस्तके, पंचांग आणि सप्ताहात वाचायची पोथी एवढेच छापील. तेव्हा त्या प्रश्नाचे माझ्याकडे असलेले उत्तर त्या प्रश्नात बसत नव्हते. पण गोष्टीला पायऱ्या असतात, शेवटच्या पायरीवर नियम बदलतात, खलनायकाला नायकाहून बलवान केले तरच गोष्ट उभी राहते, शक्तीचे स्थान हेच मर्माचे स्थान असते, हे सगळे मी त्या घडीच्या रुमालाखालच्या यंत्रासमोर बसून शिकले. यंदा शोकांतिकेच्या तासाला नायकाच्या गुणातच त्याचा नाश दडलेला असतो हा मुद्दा आला, तेव्हा मला आधी शेखर आठवला. मुलावरच्या प्रेमापोटी त्याने राक्षस घडवला, आणि त्या राक्षसानेच त्याचा जीव घेतला. मग मॅकबेथ आठवला. हा क्रम कुणाला उलटा वाटेल. माझ्या घरून येणाऱ्या रस्त्यावर तो असाच लागतो.

तमाशाला एके काळी घरंदाज लोक नाक मुरडत. आज त्यावर प्रबंध लिहिले जातात. 'रा.वन'च्या खेळावर प्रबंध लिहावा असे माझे म्हणणे नाही, तेवढा तो मोठा नाही. माझे म्हणणे एवढेच की तो नाहीसा होऊ नये. आणि तो नाहीसा होतो आहे. यंत्र बनणे थांबले. तबकड्यांवर ओरखडे पडले. आतेभावाची तबकडी तर मधल्या काळात चहाच्या कपाखाली होती.

पुस्तक छापले की प्रकाशकाने त्याची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवावी, असा कायदा १९५४ पासून आपल्याकडे आहे. चित्रपटांसाठी १९६४ मध्ये पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झाले. तोवर उशीर झाला होता. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १९३१ चा; त्याची एकही प्रत उरलेली नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याचा काही भागच हाती लागतो. त्या काळच्या शिष्ट मंडळींना तो पोरखेळच वाटला असेल. व्हिडिओ गेमसाठी आपल्याकडे असा कायदा नाही. ज्यांनी या तबकड्या बनवल्या ती माणसे अजून तरुण आहेत, कामात आहेत. आज विचारले तर सांगू शकतील की किती महिने मिळाले होते, काय कापावे लागले, जी.वनचा ठोसा इतका जड का झाला. वीस वर्षांनी विचारण्यात अर्थ नाही.

मघा मी कचऱ्यात पुरलेल्या 'ई.टी.'चा उल्लेख केला. एप्रिल २०१४ मध्ये तो खड्डा उकरला गेला. वर निघालेल्या प्रतींपैकी एक आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. जगातला सर्वांत वाईट खेळ म्हणून ज्याची ख्याती, तो त्या देशाने आपल्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवला. वाईट होता हेही त्यांना लक्षात ठेवायचे आहे. आपला त्याच्याइतका वाईट नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर मी आतेभावाची तबकडी कापसाने पुसून, वेष्टणासह, आपल्या ग्रंथालयात नेली. ग्रंथपाल सरांनी ती उलटसुलट करून पाहिली. घ्यायला त्यांची ना नाही. अडचण एवढीच की दाखल नोंदवहीत रकाने आहेत ते लेखक, प्रकाशक आणि पृष्ठसंख्या यांचे. लेखकाच्या जागी काय लिहायचे ते मी सुचवावे असे त्यांनी सांगितले आहे. तोवर तबकडी त्यांच्या टेबलाच्या खणात आहे. ज्यांच्या घरी माळ्यावर 'हनुमान', 'देसी अड्डा' किंवा 'डॉन २' पडलेले असेल त्यांनी रद्दीवाल्याला देण्याआधी मला वर्गात भेटावे. द्वितीय वर्ष कला, 'ब' तुकडी.